पायाळूचं आभाळ

हस्त नक्षत्र लागलं की माझ्या तळपायांना आधी कळतं. पंचांग उघडावं लागत नाही. सकाळपासून ऊन असं चढतं की अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नाही. दुपारी वारा अचानक पडतो. समोरच्या कडुनिंबाचं पानसुद्धा हलत नाही, कुत्री सावलीत जिभा काढून पडतात, आणि मग चारच्या सुमाराला आभाळाच्या खालच्या टोकाला एक काळी कड दिसते. ती कड वर सरकत येते तशी मी हातातलं काम टाकून आतल्या खोलीत जाते. सत्तरी गाठली, घर झालं, नात झाली, पण ती सवय काही म्हातारी झाली नाही. ‘पडतील हत्ती तर पाडतील भिंती’ असं आमच्याकडे जुनी माणसं म्हणायची. हत्ती म्हणजे हाच हस्ताचा पाऊस. भिंतींचं मला काही वाटत नाही. मला भीती वाटते ती पावसाच्या आधी येणाऱ्या उजेडाची.

यंदाचा हस्त आमच्या विहीणबाईंना सोबत घेऊनच आला. विहीणबाई म्हणजे सुनेची आई, मेहकरकडच्या, हिवरा आश्रमाच्या अलीकडच्या एका गावातल्या. नवरात्रासाठी चार दिवस लेकीकडे, इथं बुलढाण्याला आल्या आणि दुसऱ्याच दिवशी पाण्याची बादली उचलताना त्यांच्या कंबरेत उसण भरली. बाई हौशी आणि बोलक्या. वाकल्या त्या वाकल्याच. तशाच भिंत धरत दिवाणापर्यंत आल्या, पालथ्या पडल्या आणि तिथूनच हाक मारली, “गार्गे, ये गं माय. आजीच्या कंबरेवर पाय ठेव. घरात पायाळू लेकरू असताना मी काहून बाम चोळत बसू?”

गार्गी माझी नात, पाच वर्षांची. मोठ्या माणसाच्या पाठीवर पाय द्यायला मिळणार म्हणून ती नाचतच आली. शुभांगी, माझी सून, हसत हसत मोबाइल घेऊन आली, फोटो काढायला. गार्गीनं फ्रॉक सावरला आणि डावा पाय उचलला.

“पाय खाली!” मी ओरडले.

हा आवाज माझ्यात आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. गार्गीचा पाय तसाच हवेत राहिला, मग हळूच फरशीला लागला. शुभांगी म्हणाली, “आई, अहो गंमत आहे नुसती.” विहीणबाई उशीत तोंड घालून पुटपुटल्या, “आमच्यात तर समदेच करतात बाई.” मी बामाची बाटली त्यांच्या उशाशी नेऊन ठेवली आणि माझ्या खोलीत येऊन बसले. गंमतच होती, मला मान्य आहे. माझीही सुरुवात गमतीनंच झाली होती.

पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेलं मूल. बाकीची माणसं या जगात डोकं पुढं करून येतात, पायाळू पाय पुढं करून येतो. म्हणून त्याच्या पायात काहीतरी असतं, असं आमच्याकडे धरूनच चालतात. त्याचा पाय लागला की कंबरेतली उसण उतरते. त्याला जमिनीखालचं पाणी कळतं, गाडलेलं धन दिसतं. आणि या सगळ्याची वसुली म्हणून की काय, वीज त्याच्यावर डोळा ठेवून असते. आभाळात गडगडायला लागलं की पायाळू माणसानं उघड्यावर थांबू नये. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. माझे तर पाळण्याच्याही आधी दिसले.

माझं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, आजच्या संग्रामपूर तालुक्यात. मी शाळेत जायला लागले तेव्हा महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण आमच्याकडे त्याची खबर मास्तरांनी सांगितली तेवढीच. तारेतली वीज यायला अजून बराच अवकाश होता, आभाळातली मात्र दरवर्षी न चुकता यायची. माझ्या आधी घरात तीन मुली. चौथीचं तोंड बघायला कोणी उत्सुक नव्हतंच, तर मीही तोंडाआधी पाय दाखवले. सुईण बाहेर येऊन म्हणाली म्हणे, “पोरगीच हाये, पन पायाळू हाये.” तेवढ्यावर बापानं गूळ वाटला. माझ्या बहिणींना गावात कोणी नावानं ओळखत नसे, कोणाची कितवी एवढंच. मला मात्र वेशीपासून नदीपर्यंत सगळे ओळखत. पुष्पा हे माझं नाव शाळेच्या पटावर होतं, गावाच्या तोंडात मी मायच्या नावानं ‘सरूबाईची पायाळू’ होते.

आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. निंदणीच्या दिवसांत, पेरणीच्या दिवसांत, कापूस वेचायच्या दिवसांत रोज कोणीतरी कंबर धरून आमच्या अंगणात यायचं. ज्यांच्यासमोर माझा बाप मान वर करत नसे, ते गावचे पाटीलसुद्धा एकदा आले आणि आमच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर पालथे झाले. माय माझा डावा पाय तांब्याभर पाण्यानं धुवायची. मी तो त्या पाठीवर ठेवायची, जरा दाबायची आणि मागं न बघता उतरायची. मग मूठभर शेंगा, गुळाचा खडा, कधी मुरमुऱ्याचा लाडू. माणूस उठून बसला की म्हणायचा, “उतरली वं पोरी.” सात-आठ वर्षांच्या पोरीला यापेक्षा मोठेपण ते काय हवं? माझ्या बहिणी भाकरी थापत असताना मी लोकांना बरं करत होते. आजही अनोळखी माणसांत मी दबून बसत नाही, कोणी साहेब असो की पुढारी. ते बळ त्या पाठींवरून चालत आलेलं आहे हे मला नाकारता येत नाही.

सगळ्यांत जास्त वेळा माझा पाय घेतला तो मोठीमायनं. म्हणजे माझ्या बापाच्या थोरल्या भावाच्या बायकोनं. आमचं अंगण एकच, चुली दोन. तिला मूलबाळ नव्हतं. तिची कंबर दर पंधरा दिवसांनी भरायची. आता वाटतं, निम्म्या वेळा ती भरलेली नसेलच. “ये वं माही डाक्तरीन,” असं म्हणून ती पालथी व्हायची आणि माझा पाय लागला की “हाव, आता लागलं बरं,” म्हणून हुश्श करायची. तिच्या पाठीला तिळाच्या तेलाचा आणि चुलीच्या धुराचा वास यायचा. उपचार झाला की डाक्तरीणबाई तिच्या मांडीवर जाऊन बसायच्या आणि तिच्या हातानं दूधभाकर खायच्या.

पाण्याचीही एक गोष्ट झाली. आमच्या भागातलं विहिरीचं पाणी खारं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहासुद्धा खारट. पाहुणा पहिला घोट घेऊन गप्प होतो आणि आम्हाला कळतं की हा बाहेरचा. तर बापानं आणि मोठ्याबाबांनी, म्हणजे मोठीमायच्या नवऱ्यानं, गोड्या पाण्याची विहीर खोदायचं मनावर घेतलं आणि जागा दाखवायला मला अनवाणी शेतात फिरवलं. मागं अख्खं घर चालत होतं. उन्हानं पाय पोळत होते. एका जागी माती गार लागली, मी थांबले. तिथं खोदलं. पाणी लागलं, भरपूर लागलं, आणि असं खारं की बैलांनीही तोंड वळवलं. मला वाटलं, आता संपलं माझं पायाळूपण. तर बाप सगळ्यांसमोर छाती काढून म्हणाला, “पोरीनं पानी सांगतलं व्हतं, गोडं सांगतलं व्हतं काय?” आणि लोकांनी माना डोलावल्या. उलट माझा भाव वाढला. माणसाला एकदा काही ठरवून टाकलं की तो काहीही करो, ते ठरवलेलंच खरं होत जातं. विहीर आजही आहे, पाणी आजही खारं आहे.

या मोठेपणाची दुसरी बाजू हस्तात उघडायची. पहिल्या गडगडाटाला माय हातातलं काम टाकून धावत यायची. माझ्या पायातल्या तोरड्या काढायची, मला आतल्या खोलीत ज्वारीच्या कणगीमागं लाकडी पाटावर बसवायची आणि वरून घोंगडी घालायची. पाय जमिनीला टेकू द्यायचे नाहीत. बाहेर बहिणी पावसात ओरडत असायच्या, गारा पडल्या तर त्या तोंडात धरून एकमेकींना दाखवायच्या. मी घोंगडीच्या विणीतून येणारा उजेड बघत बसायची. उजेड झाला की श्वास धरायचा, आवाज झाला की सोडायचा. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

तेच दिवस भुलाबाईचे. संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणायच्या, मग झाकलेल्या डब्यात खिरापत काय आहे ते ओळखायचं. मला वासावरून खिरापत ओळखता यायची, त्यात माझा हात कोणी धरत नसे. पण आभाळ भरलेलं असलं की शेजारच्या काकू दारातच म्हणायच्या, “आज तू नोको येऊ वं बाई, आभाळ आलं.” त्यात दुष्टावा नव्हता. सर्दी झालेल्या पोराला ताक नको म्हणावं, तितक्या साधेपणानं त्या म्हणायच्या. माझ्या वाटची खिरापत त्या पळसाच्या पानात बांधून कुंपणावरून द्यायच्या. मी ती एकटीनं खायची आणि पलीकडून येणारी गाणी ऐकायची.

मग तो हस्त आला.

त्या वर्षी तीळ लवकर तयार झाला होता. तीळ वेळेवर सोंगला नाही तर बोंडं उकलतात आणि दाणा मातीत जातो, म्हणून दोन्ही घरच्या बाया आणि शेजारच्या काही बाया मिळून शेतात गेल्या होत्या. बाप आणि मोठेबाबा शेगावच्या बाजाराला गेले होते, बहिणी मामाकडे. घरी मला सांभाळायला कोणी नाही म्हणून मायनं मला सोबत घेतलं. सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. दुपारी वारा पडला. बायांचे विळे एकेक करून थांबले आणि सगळ्यांनी एकाच दिशेला बघितलं. सातपुड्यावर काळं उठलं होतं. मग धुळीचा लोट आला, चिंचोक्याएवढे थेंब आले आणि सगळ्या जणी धुऱ्यावरच्या आंब्याकडे पळाल्या. धुरा म्हणजे शेताचा बांध, त्यावर तो एकच मोठा आंबा होता. मी मोठीमायचं बोट धरून पळाले.

झाडाला टेकून सगळ्या दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. ओल्या लुगड्यांचा वास, हातात विळे, धापा. पहिली वीज चमकली. मागून एक बाई म्हणाली, “पायाळूले काऊन आनलं वं झाडाखाली? साऱ्याइले घेऊन जाईन ते.”

“लेकरू हाये वं,” दुसरी म्हणाली.

“लेकरू हाये तं काय झालं? ईज पाह्यते काय लेकरू?”

मग माझ्या अंगाला लागलेली अंगं जरा जरा मागं सरली. दाटीतही माझ्याभोवती जागा झाली. मोठीमायनं मला पोटाशी ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “राहू द्या माह्याजवळ. माह्यामांगं कोनतं लेकरू रडनार हाये?”

तेवढ्यात मायनं माझं मनगट धरलं. तिनं मला मोठीमायच्या हातातून अक्षरशः हिसकलं आणि पावसात बाहेर काढलं. मोठीमाय ओरडली, “सरू! कुठी नेऊन राह्यली वं तिले? ये मांगं!” माय थांबली नाही. शेताच्या खालच्या अंगाला पाणी वाहून जायला एक चर होता. तिनं मला त्या चरात निजवलं आणि स्वतः माझ्यावर पालथी पडली. माझ्या तोंडात चिखल गेला. तिचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं. ती माझ्या कानात काहीतरी म्हणत होती, ते शब्द मला कधीच आठवले नाहीत.

मग उजेड झाला. डोळे मिटलेले होते तरी पापण्यांच्या आतून तो पांढरा दिसला. आवाज आठवत नाही. आठवतो तो वास, तवा चुलीवर विसरल्यावर येतो तसा. आणि मग बायांचं रडणं.

बाकीच्या बाया इकडंतिकडं फेकल्या गेल्या होत्या, कोणाच्या कानठळ्या बसल्या होत्या, एकीचा हात भाजला होता, पण जिवंत होत्या. मोठीमाय झाडाला टेकून बसलेली होती. दमून बसावी तशी. मी जिथं उभी होते तिथंच.

तिच्या मरणाबद्दल मला कोणी एक शब्द बोललं नाही. आमच्याकडची माणसं तशी वाईट नाहीत. पण महिनाभरानं नदीवर बाया धुणं धूत होत्या, मी वरच्या अंगाला खेळत होते आणि वारा माझ्याकडे होता. “ईज पोरीले शोधत आलती,” एक म्हणत होती, “पोरगी सापडली नाई, तं तिले घेऊन गेली.” दुसरी म्हणाली, “हाव नं.” आणि दोघी पुन्हा धोपटायला लागल्या. हातातला शंख मी पाण्यात टाकून दिला. आपण कोण आहोत हे माणसाला बहुधा असंच कळतं, दुसऱ्याच्या तोंडून, चालता बोलता, कपडे धुताना. मी लोकांना बरं करणारी नव्हते. माझ्याजवळ जो उभा राहील त्याला माझं मरण येणार होतं.

पुढं वर्षभर आमच्या अंगणात कोणी कंबर धरून आलं नाही. आली नाहीत म्हणजे भांडली नाहीत, नुसती दुसऱ्या गल्लीनं गेली. मायनं माझ्या तोरड्या मोडून टाकल्या. मी मोठ्याबाबांच्या समोर जायचं टाळायची. ते ओसरीवर बसलेले असले की मी मागच्या दारानं शाळेत जायची. त्यांची चूल आता थंड होती, ते आमच्याकडेच जेवत, खाली मान घालून. मला वाटायचं, एक दिवस ते मान वर करतील आणि नदीवरचं तेच म्हणतील.

एक दिवस त्यांनी मान वर केली. उन्हाळ्याचे दिवस होते, वखरणी चाललेली. ते कंबर धरून शेतातून आले, अंगणाच्या मधोमध पालथे झाले आणि म्हणाले, “पुष्पे, ठेव पाय.”

माय चुलीपासून उठून दारात आली. मी भिंतीला चिकटून उभी. “नाई ठेवत,” मी म्हटलं.

“काऊन?”

मी दोन्ही पाय भिंतीकडे ओढून घेतले. ते पालथेच पडून राहिले, तोंड मातीकडे. तसेच म्हणाले, “ते असती तं तिनं ठेऊन घेतला असता. ठेव.”

मी ठेवला. मी मोठ्यानं रडत होते. ते उठून बसले, कंबर वळवून पाहिली आणि म्हणाले, “जड झाली वं तू.” मग बंडीच्या खिशातून गुळाचा खडा काढून दिला. तो ते शेतातूनच घेऊन आले होते. आज मला कळतं की त्या माणसानं मला माफ केलं. पण माफ करायलाही त्याला मी पायाळूच लागले. पायाळू नसलेली मी त्या गावात कोणाच्या डोळ्यांत नव्हतेच. दुसऱ्या दिवसापासून अंगणात पुन्हा माणसं यायला लागली.

पुढं शाळेत शिकले की वीज उंच वस्तूवर पडते, झाडाखाली थांबू नये, खोलगट जागी अंग चोरून बसावं. म्हणजे मला बाहेर काढलं म्हणून मी वाचले, आणि आंबा उंच होता म्हणून मोठीमाय गेली. माझा त्यात काही संबंध नव्हता. हे मी परीक्षेत लिहिलंसुद्धा. पण डोक्यात शिरलेलं शहाणपण पोटापर्यंत उतरत नाही. पोट आधीच भरलेलं असतं.

मी नर्स झाले. खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत आयुष्य गेलं, किती बाळंतपणं केली याचा हिशेब ठेवला नाही. पायांकडून आलेली मुलंही आली. अवघड बाळंतपण असतं ते, घाम फुटतो. बाहेर सासू उभी असायची, विचारायची, “बाई, पोरगं कसं आलं?” मी म्हणायची, “सरळ आलं, डोक्यानं.” प्रत्येक वेळी. सरकारी कागदावर खरं लिहायची आणि दारात खोटं बोलायची. माझ्या हातून एकही पायाळू जन्माला आला नाही याचा मला अभिमान आहे. आणि माझी स्वतःची नात अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात, पोट फाडून, पायांकडून बाहेर काढली. डॉक्टरीणबाईंनी कौतुकानं सगळ्यांसमोर सांगितलं. विहीणबाई टाळी वाजवून म्हणाल्या, “अगं बाई, पायाळू!” मी त्याच दिवशी ठरवलं होतं की हा शब्द या मुलीच्या अंगाला लागू द्यायचा नाही. पाच वर्षं मी तो घराबाहेर ठेवला. आज एका बादलीनं घात केला.

माय शेवटच्या आजारात माझ्याकडेच होती. एकदा तिचे पाय चोळताना मी तिला विचारलं. आयुष्यभर विचारायचं होतं ते विचारलं. “माय, त्या दिवशी तू मले झाडाखालून बाहेर काऊन नेलं? मले वाचवाले?”

माझ्या मायला खोटं बोलता येत नसे, तिचा तो मोठाच दोष होता. म्हणाली, “नाई वं. तिथं समद्या लेकुरवाळ्या बाया व्हत्या. मलेबी वाटलं, ईज तुह्यावर येईन.”

माझे हात थांबले.

“मंग तुले एकली कशी सोडू?” ती म्हणाली. “म्हनून मी आली संगं.”

तिनं मला बाहेर काढलं आणि ती माझ्यासोबत बाहेर आली. दोन्ही तिनंच केलं, एकाच दमात. यातलं कुठलं मनावर घ्यायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तिच्यावर रागावले होते, आणि तिच्याइतकं प्रेम माझ्यावर दुसऱ्या कोणी केलं नाही.

दार ढकलून गार्गी आली. गाल अजून फुगलेले. “आजी, तू मला ओरडलीस,” ती म्हणाली.

“चुकलं माझं.”

“पायाळू म्हणजे काय?”

“काही नसतं.”

“मग तू ओरडलीस का?”

पाच वर्षांच्या मुलांना कोर्टात उभं करावं, वकील घरी बसतील. बाहेर कड वर आली होती, खोलीत अंधारून आलं होतं. मी पलंगावर पाय वर घेऊन बसलेली आहे हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मला स्वतःचाच संताप आला. शब्द तर घरात शिरलाच होता, निदान त्याच्या पाठोपाठ भीती शिरू द्यायची नाही. मी पाय खाली सोडले, चप्पल न घालता उभी राहिले आणि म्हटलं, “चल, आपण विजा बघू.”

तिला काय, आनंदच. मागच्याच आठवड्यात गडगडलं तेव्हा ती खिडकीत उभी राहून ‘ढगाचं पोट दुखतंय’ म्हणून हसत होती. मी तिचा हात धरला आणि पुढच्या व्हरांड्यात गेले. वर स्लॅब होता, समोर अंगण, त्यापलीकडं सगळं आभाळ. आतून शुभांगी म्हणाली, “आई, तुम्ही? बाहेर?” त्या तिळाच्या शेतानंतर असं गडगडत असताना दाराबाहेर मी पहिल्यांदाच उभी होते.

मी छान सांगितलं तिला. उजेड आधी येतो, आवाज मागून येतो, कारण आवाज आळशी असतो. ढग कसे घासतात, वीज कशी तयार होते, घराच्या आत आपण कसे सुरक्षित असतो. माझा आवाज अगदी नेहमीचा होता. नर्सबाईंचा आवाज. लांब डोंगरावर एक चमकली, मग जरा अलीकडे एक. “बघ, किती सुंदर,” मी म्हणाले. वारा पूर्ण थांबलेला होता. आणि मग समोरच, अगदी समोर, सगळं पांढरं झालं आणि त्याच क्षणी आवाज आला.

मी ओरडले नाही. मी जागची हलले नाही. त्याचंही मला बरं वाटलं, की आज जमलं. मी खाली बघितलं तर गार्गी आभाळाकडे बघतच नव्हती. ती मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“आजी, आत चल,” ती हळूच म्हणाली. “मला पण भीती वाटते.”

“मी कुठं म्हटलं मला भीती वाटते म्हणून?”

तिनं माझ्या मुठीतून आपला हात ओढून सोडवला आणि माझ्यासमोर धरला. त्यावर माझी बोटं लाल उमटली होती.